वनस्पती तूप : शुद्धतेचा कायदा आणि आरोग्याचा विसर

निकेलच्या साहाय्याने द्रव तेलाशी हायड्रोजनचा संयोग घडवून ते घट्ट करण्याच्या प्रक्रियेचे पेटंट विल्हेल्म नॉर्मन यांनी १९०२ मध्ये मिळवले. भारतात १९३७ मध्ये 'डालडा' बाजारात आला आणि साजूक तूप न परवडणाऱ्या घरांत वनस्पती तूप रुजले. शासनाला चिंता होती ती साजूक तुपातील भेसळीची. ती ओळखता यावी म्हणून वनस्पतीत तिळाचे तेल मिसळणे सक्तीचे झाले. या प्रक्रियेत निर्माण होणाऱ्या ट्रान्स मेदामुळे रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढते व हितकारक घटते, हे नेदरलँड्समधील संशोधनाने १९९० मध्ये दाखवले. तथापि भारतात ट्रान्स मेदाची मर्यादा दोन टक्क्यांवर येण्यास २०२२ साल उजाडले. कायद्याने तुपाच्या शुद्धतेचे रक्षण आधी केले. वनस्पती खाणाऱ्याच्या हृदयाचे मात्र फार उशिरा.