‘कलोनियल कझिन्स’ : चित्रपटाबाहेरच्या गाण्याची वाटचाल

चित्रपटाच्या आधाराविना गाणे तगू शकते काय, हा प्रश्न भारतीय संगीतसृष्टीला १९९० च्या दशकात प्रथमच गांभीर्याने पडला. नायक-नायिका नाहीत, कथा नाही, केवळ गायक आणि त्याचे गाणे. अशा संगीताला बाजाराने ‘इंडिपॉप’ हे सुटसुटीत नाव देऊन टाकले. त्या लाटेत शेकडो ध्वनिफिती आल्या आणि बहुतेक विस्मरणात गेल्या. जी थोडी नावे मागे उरली त्यांत हरिहरन आणि लेस्ली लुईस या मुंबईकर द्वयीच्या ‘कलोनियल कझिन्स’ या बॅण्डचे स्थान वरचे आहे. १९९६ ते २०१२ या सोळा वर्षांत त्यांचे अवघे चार अल्बम प्रसिद्ध झाले. तरीही चित्रपटाबाहेरच्या गाण्याचे यश कशात होते आणि ते कोठे अडले, हे समजून घेण्यासाठी या बॅण्डच्या वाटचालीइतके चांगले उदाहरण सापडणार नाही.

दोघेही या क्षेत्रात नवखे नव्हते, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. हरिहरन यांचा जन्म १९५५ चा. आई अलमेलू मणी आणि वडील एच. ए. एस. मणी हे दोघेही कर्नाटक संगीतातील गायक. घरात कर्नाटक पद्धतीचे संस्कार, पुढे उस्ताद गुलाम मुस्तफा खाँ यांच्याकडे हिंदुस्थानी गायकीची तालीम आणि मनाचा ओढा गझलेकडे, असा हा त्रिवेणी संगम होता. १९७७ मध्ये ‘सूर-सिंगार’ स्पर्धेत संगीतकार जयदेव यांनी त्यांचा आवाज हेरला आणि ‘गमन’ (१९७८) या चित्रपटात त्यांना संधी दिली. ए. आर. रहमान यांच्या ‘रोजा’ (१९९२) आणि ‘बॉम्बे’ (१९९५) या चित्रपटांनी त्यांचे नाव देशभर पोहोचविले.

लेस्ली लुईस यांचे घराणे निराळे. वडील पी. एल. राज हे हिंदी चित्रपटसृष्टीतील नामवंत नृत्यदिग्दर्शक. मुलाने मात्र हाती गिटार घेतली. पाश्चात्त्य पॉप आणि रॉक संगीतावर पोसलेल्या लुईस यांनी जाहिरातींच्या जिंगल्समध्ये जम बसविला आणि सुनीता राव यांच्या ‘परी हूँ मैं’ या गाण्याने इंडिपॉपच्या आरंभकाळातच संगीतकार म्हणून ओळख मिळविली. हरिहरन यांच्याशी त्यांची गाठ पडली तीही जिंगल्सच्या निमित्ताने. तीस सेकंदांत ऐकणाऱ्याला थांबविण्याची कला या दोघांनी तेथेच आत्मसात केली असावी. त्यांच्या गाण्यांचे आरंभ ऐकले की हे जाणवते.

बॅण्डचे नावही बोलके आहे. एक तमिळ घरातला, दुसरा ख्रिस्ती घरातला. एकाची मातृपरंपरा सरगमाची, दुसऱ्याची कॉर्डची. वसाहतवादाच्या इतिहासाने एकाच शहरात आणून सोडलेली ही चुलत भावंडे, असा त्या नावाचा खोडकर अर्थ लावता येतो.

‘कृष्णा’ आणि १९९६

‘कलोनियल कझिन्स’ याच नावाचा पहिला अल्बम १९९६ मध्ये ‘मॅग्नासाऊंड’ या कंपनीने बाजारात आणला. ‘सा नी ध प’ आणि ‘इंडियन रेन’ ही गाणी त्यातलीच. परंतु बॅण्डची ओळख ठरले ते ‘कृष्णा’. या गाण्याचा गाभा आहे ‘कृष्णा नी बेगने बारो’ ही कन्नड रचना. तिचे कर्ते व्यासतीर्थ हे विजयनगरच्या कृष्णदेवरायाच्या काळातील माध्व संप्रदायाचे आचार्य. कर्नाटक संगीताचे पितामह मानले जाणारे पुरंदरदास हे त्यांचेच शिष्य.

येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. पुरंदरदासांचे मूळ गाव पुण्याजवळचे पुरंदर, असे परंपरा सांगते. कर्नाटकातील काही अभ्यासकांना ते मान्य नाही. त्यांच्या पदांतील नाममुद्रा मात्र ‘पुरंदर विठ्ठल’ अशी आहे. देहू आणि आळंदी ही दोन्ही क्षेत्रे जवळ असलेल्या चाकणच्या वाचकाला हरिदासांची ही परंपरा परकी वाटण्याचे कारण नाही. कन्नड मुलखातील हे भक्तिगीत मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहात गिटारच्या साथीने पुन्हा उभे राहिले, याचे नवल तेवढ्याने कमी होते.

रचनेच्या दृष्टीने पाहता हे काम अवघड होते. आपला राग एका षड्जाभोवती फिरतो, तर पाश्चात्त्य संगीतात स्वरमेळ, म्हणजे कॉर्ड, सतत बदलत राहतात. बदलत्या कॉर्डमध्ये रागाला वर्ज्य असलेला स्वर शिरला की रागाची मूर्ती भंगते. उलट कॉर्ड अजिबात बदलले नाहीत तर पॉप संगीताच्या कानाला गाणे एकसुरी वाटते. ही रचना यमुनाकल्याणी रागातली. तिच्यात तीव्र मध्यमाचे प्राबल्य आहे आणि शुद्ध मध्यमाचा ओझरता स्पर्श. गिटारवाद्याला वावरावयास येथे बऱ्यापैकी जागा मिळते. लुईस यांनी साथ मोजकी ठेवली, हरिहरन यांचा आलाप मोकळा सोडला. त्या काळी ‘फ्यूजन’च्या नावाखाली तबल्यावर ड्रम चढविण्याची जी घाई चालली होती, तिचा येथे मागमूस नाही. कोणी कोणाचे अनुकरण करीत नाही. लुईस इंग्रजीत गातात, हरिहरन कन्नडमध्ये, आणि दोघेही आपापल्या घरच्या शैलीत. या बॅण्डचे खरे वेगळेपण हेच होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

गाण्यातील इंग्रजी कडव्यांचा आशय साधा आहे : जगात माणसे एकमेकांशी भांडत आहेत, तेव्हा तू परत ये, राम होऊन ये, येशू होऊन ये, अल्ला होऊन ये. हे शब्द आज कदाचित भाबडे वाटतील. परंतु ज्या मुंबईने डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगली व त्यापाठोपाठ मार्चमधील बॉम्बस्फोट पाहिले होते, त्या मुंबईतल्या एका हिंदू आणि एका ख्रिस्ती कलावंताने तीनच वर्षांनी हे गाणे गायिले, हे विसरून चालणार नाही.

या अल्बमने द्वयीला एमटीव्हीचा प्रेक्षकपसंती पुरस्कार आणि ‘बिलबोर्ड’चा सन्मान मिळवून दिला. ‘एमटीव्ही अनप्लग्ड’ या कार्यक्रमात झळकलेले ते पहिले भारतीय कलावंत होत.

लाट आली आणि ओसरली

या यशामागे काळाचाही हात होता. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर उपग्रह वाहिन्या घरोघरी पोहोचल्या. १९९४ मध्ये ‘चॅनेल व्ही’ आणि १९९६ मध्ये ‘एमटीव्ही’ची भारतीय वाहिनी सुरू झाली. त्यांना रात्रंदिवस दाखविण्यासाठी व्हिडिओ हवे होते आणि ध्वनिफितींच्या कंपन्यांना ग्राहक. अलिशा चिनॉय यांचा ‘मेड इन इंडिया’ (१९९५) याच गरजेतून गाजला. चाकणच्या औद्योगिक पट्ट्याचा विस्तारही याच उदारीकरणाचे अपत्य आहे. बजाज ऑटोच्या येथील कारखान्यात १९९९ मध्ये उत्पादन सुरू झाले. कारखाने टिकले, वाढले. इंडिपॉपच्या नशिबी ते नव्हते.

‘द वे वुई डू इट’ (१९९८) आणि ‘आत्मा’ (२००१) हे पुढचे दोन अल्बम आले तोवर हवा पालटू लागली होती. चित्रपट निर्मात्यांना वाहिन्यांची ताकद कळली आणि गाण्यांचे प्रोमो त्यांनी तेथे ओतले. नवे गाणे घडविण्यापेक्षा जुन्याला ठेका लावणे स्वस्त पडते, हे २००२ मधील ‘काँटा लगा’च्या रिमिक्सने दाखवून दिले. संगीत वाहिन्या ‘रोडीज’सारख्या रिअॅलिटी कार्यक्रमांकडे वळल्या. एमपीथ्री आणि चोरट्या सीडींनी ध्वनिफितींचा धंदा पोखरला तो वेगळाच. ज्या दोन खांबांवर चित्रपटाबाहेरचे गाणे उभे होते ते दोन्ही असे ढासळले. गाण्याचा दर्जा घसरला म्हणून लाट ओसरली, असे म्हणणे निदान या बॅण्डच्या बाबतीत अन्यायाचे होईल.

दोघांना कामाची ददात मात्र कधीच नव्हती. लुईस यांनी आशा भोसले यांच्यासाठी ‘जानम समझा करो’ (१९९७) हा अल्बम केला. दिवंगत गायक केके यांच्या ‘पल’ (१९९९) या पहिल्या अल्बमचे संगीतही त्यांचेच. महाविद्यालयांच्या निरोपसमारंभांत पुढे वर्षानुवर्षे गायिली गेलेली गाणी ती हीच. हरिहरन यांना २००४ मध्ये पद्मश्री मिळाली. मराठी रसिकांना त्यांचा आवाज अधिक जवळचा झाला तो ‘जोगवा’ या चित्रपटामुळे. अजय-अतुल यांच्या संगीतातील त्या गीतासाठी त्यांना ५६ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा बहुमान लाभला. बॅण्ड विरळ होत गेला त्यामागे हेही कारण असावे : दोघांचीही स्वतंत्र कारकीर्द भरलेली होती, आणि बॅण्डसाठी लागतो तो रिकामा वेळ कोणाकडेच नव्हता.

पुनरागमन झाले ते, गंमत म्हणजे, चित्रपटाच्याच दारातून. ‘मोदी विळैयाडु’ (२००९) या तमिळ चित्रपटाला ‘कलोनियल कझिन्स’ने संगीत दिले, त्यामागोमाग ‘चिक्कू बुक्कू’ (२०१०) आला. त्या गाण्यांत पहिल्या अल्बमचा मोकळेपणा फारसा आढळत नाही. प्रसंग आणि पात्र यांची बंधने आली की असे व्हावयाचेच.

खरा धागा पुढे गेला तो अन्यत्र. पाकिस्तानात २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘कोक स्टुडिओ’ची भारतीय आवृत्ती २०११ मध्ये ‘एमटीव्ही’वर आली तेव्हा पहिल्या पर्वाची धुरा लेस्ली लुईस यांच्याकडे सोपविण्यात आली. लोकगायक, शास्त्रीय गायक आणि पॉप वादक यांना एकत्र बसवून प्रत्येकाला आपल्याच शैलीत गाऊ द्यावयाचे, हे त्या कार्यक्रमाचे सूत्र. पहिल्या पर्वावर टीकाही बरीच झाली आणि दुसऱ्या पर्वापासून एकाऐवजी अनेक निर्माते आले. सूत्र मात्र तेच राहिले, आणि ‘कृष्णा’ ऐकलेल्यांना ते नवे नव्हते. दरम्यान २०१० मध्ये पुण्यात ‘एनएच-७ वीकेण्डर’ हा महोत्सव सुरू झाला. स्वतःची गाणी स्वतः रचून गाणाऱ्या बॅण्डना कंपनी आणि वाहिनी या दोहोंवाचून श्रोता मिळू लागला.

‘वन्स मोअर’ हा चौथा अल्बम २०१२ चा. त्याच वर्षी कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकार व संगीतकारांचा मानधनातील वाटा सुरक्षित झाला. इंडिपॉपच्या भरात ही तरतूद असती तर किती जणांचे भले झाले असते!

हा बॅण्ड प्रथमच ऐकणाऱ्याने आरंभ १९९६ च्या अल्बमपासून करावा. ‘कृष्णा’ आधी मूळ कर्नाटक पद्धतीने, एखाद्या जाणत्या गायकाच्या आवाजात ऐकावे, आणि मग लगेच या दोघांचे. त्यानंतर ‘अनप्लग्ड’चे ध्वनिमुद्रण. ‘आत्मा’ सावकाशीने ऐकला तरी चालेल.