हजेरीवहीतली नावे

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची घोषणा झाली आणि त्याच दिवशी नागपुरात जुम्मा तलावाच्या काठी एक कापडगिरणी सुरू झाली. मुहूर्ताला साजेसे नाव मिळाले, एम्प्रेस मिल. कागदोपत्री कंपनीचे नाव लांबलचक होते: सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी. १८७४ साली १५ लाख रुपयांच्या भांडवलावर ती स्थापन झाली होती. संस्थापक जमशेटजी नसरवानजी टाटा तेव्हा पस्तिशीत होते. जागा दलदलीची, भराव घालावा लागणारी. नागपूरच्या एका सावकाराने या कामाला कर्ज नाकारले, हा माणूस मातीत सोने गाडतो आहे असे तो म्हणाला, आणि पुढे गिरणीची भरभराट पाहून त्याने आपले शब्द फिरवले, अशी आख्यायिका टाटांच्या चरित्रकारांनी लिहून ठेवली आहे.

गोंदियाच्या माणसाने नागपूरच्या गिरणीवर का लिहावे? अंतर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर, एवढे एकच कारण नाही. ‘कंपनी नीतीने कशी चालवावी’ हा विषय हल्ली फार बोलला जातो. आचारसंहिता छापल्या जातात, २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मोठ्या कंपन्यांना नफ्याचे सरासरी २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायला सांगितले आहे. या चर्चेत उदाहरण म्हणून एम्प्रेस मिल हटकून येते, आणि ते योग्यच आहे. पण आमच्या पूर्व विदर्भात त्या गिरणीच्या बरोबरीने आणखी एक उद्योग वाढला, विडीचा. त्याचे उदाहरण कोणी देत नाही. मी इतिहासाची पदवी घेतलेली नाही. राइस मिलमध्ये हिशेब लिहिता लिहिता जुने अहवाल आणि निकाल वाचण्याची सवय लागली. हिशेबनिसाला वहीत काय आहे याइतकेच वहीत काय नाही हेही दिसते. या दोन उद्योगांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात, असा या लेखाचा हेतू आहे.

आधी एम्प्रेस मिल. जमशेटजींनी व्यवस्थापक म्हणून नेमलेले बेझनजी दादाभाई मेहता हे रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले गृहस्थ. कापड विणण्याची त्यांना काहीच माहिती नव्हती; तांत्रिक बाजू जेम्स ब्रुक्सबी हा इंग्रज सांभाळत असे. बेझनजींची निवड माणसे सांभाळण्याच्या हातोटीवर झाली असावी, असे मला वाटते. कारण गिरणीपुढची खरी अडचण यंत्रांची नव्हती, माणसांची होती. नागपूरच्या आसपासच्या खेड्यांतून आलेला कामगार पेरणी-कापणीला गावी जाई, सणाला जाई, हातात चार पैसे आले की दोन दिवस येतच नसे. मुंबईच्या गिरण्यांत रोजची गैरहजेरी शेकडा ८-१०, तर इथे ती २० च्या घरात असल्याचे सांगितले जाते. दर पाचवा माणूस जागेवर नाही, म्हणजे माग रिकामे.

अशा वेळी मालक काय करतो? दंड करतो, पगार कापतो, मुकादमाला मोकळीक देतो. त्या काळच्या बहुतेक गिरण्यांनी तेच केले. एम्प्रेस मिलने उलटा रस्ता धरला. १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी सुरू केला. १८९५ साली कामावर अपघात झालेल्यांना भरपाई देण्याची योजना आणली. १९०१ साली भविष्य निर्वाह निधी. गिरणीत हवा खेळती राहावी, दमटपणा योग्य राहावा, आग लागली तर छतातून पाणी फवारले जावे, यासाठी देशात तोवर फारशी कोणी वापरली नव्हती अशी साधने बसवली. बक्षिसांचे समारंभ होऊ लागले, त्यांना कामगार सहकुटुंब येत.

या तारखांचे वजन कळायला सरकारच्या तारखा शेजारी मांडाव्या लागतात. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने एवढेच सांगितले होते की ७ वर्षांखालचे मूल कामाला लावू नये आणि १२ वर्षांखालच्याकडून दिवसाला ९ तासांहून जास्त काम घेऊ नये. अपघाताच्या भरपाईचा कायदा १९२३ सालचा. भविष्य निर्वाह निधीचा १९५२ चा, तोही स्वतंत्र भारतात. म्हणजे एका गोष्टीत गिरणी कायद्याच्या २८ वर्षे पुढे, दुसरीत ५१ वर्षे. हे सगळे वरून, एका माणसाच्या आग्रहातून आले, यात शंका नाही.

पण तो माणूस स्वतःला दानशूर म्हणवून घ्यायला तयार नव्हता, आणि मला जमशेटजींची हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. १८९५ च्या एका भाषणात त्यांनी सांगितले होते की आम्ही इतरांपेक्षा जास्त निःस्वार्थी किंवा परोपकारी आहोत असा आमचा दावा नाही. धंदा सरळ तत्त्वांवर उभारला, भागधारकांचे हित आपले मानले आणि कामगारांचे आरोग्य व कल्याण हा भरभराटीचा पाया मानला, इतकेच. दान आणि नियम यांतला फरक इथे आहे. दान द्यायचे की नाही, कोणाला, किती, हे देणारा ठरवतो. निधीचा नियम एकदा लिहिला की त्यात नाव असलेल्या जॉबरलाही आणि झाडूवाल्यालाही आपला वाटा मागता येतो, हात न जोडता.

तरी एम्प्रेस मिलचे चित्र नुसते गोड रंगवू नये. आपल्या देशातल्या कामगार चळवळीचे इतिहासकार गिरणी कामगारांच्या पहिल्या नोंदलेल्या संपांपैकी एक म्हणून १८७७ सालच्या एम्प्रेस मिलच्या संपाचे नाव घेतात. कारण मजुरीचे दर. म्हणजे गिरणी सुरू झाली त्याच वर्षी कामगार बाहेर पडले. निवृत्तिवेतन ९ वर्षांनी आले. संपामुळेच ते आले असे म्हणायला माझ्याकडे आधार नाही, पण कल्याणाच्या योजनांच्या याद्या छापताना हा संप गाळला जातो, हे मात्र मी अनेकदा पाहिले आहे. पुढे रा. स. रुईकरांसारखे पुढारी याच नागपुरात गिरणी कामगारांची संघटना बांधत होते. मालक चांगला असला तरी मजुरीचा दर ठरवताना समोर बसायला माणूस लागतो. ती खुर्ची नियमाच्या पुस्तकात आपोआप येत नाही.

आता विडीकडे. गुजरातेतून आलेल्या व्यापाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूरकडे हा धंदा मोठ्या प्रमाणावर सुरू केला आणि रेल्वेच्या रुळांबरोबर तो मध्य प्रांतभर पसरला. गोंदिया तर हावडा-मुंबई मार्गावरचे ठाणे, शिवाय इथून नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारा छोटा रूळ. चहूबाजूंना तेंदूचे जंगल. धानाचे एक पीक घेऊन वर्षाचा मोठा भाग मोकळा राहणारे हात. स्वदेशीच्या चळवळीने सिगारेटऐवजी विडीला प्रतिष्ठा दिली, ती वेगळीच. गोंदिया शहर या धंद्यावर मोठे झाले. त्यातल्या पैशाचा काही भाग लोकांच्या कामीही आला. मनोहरभाई पटेल यांनी १९५८ साली गोंदिया शिक्षण संस्था काढली. तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातली कितीतरी मुले त्या शाळा-कॉलेजांत शिकली. हे ऋण नाकारणारा गोंदियात कोणी भेटणार नाही, मीही नाकारत नाही.

माझा मुद्दा धंद्याच्या रचनेचा आहे. कापडगिरणीला फाटक लागते, कारण यंत्र घरी नेता येत नाही. विडीला लागते एक सूप, कात्री, पान कापायचा पत्र्याचा साचा आणि दोरा. मालक तंबाखू आणि पाने सट्टेदाराला देतो, सट्टेदार घरोघरी वाटतो, संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी वळलेल्या विड्या मोजून घेतो. मजुरी हजारावर. वळणाऱ्या बहुतेक बाया, हाताखाली मुली. मालकाच्या वहीत सट्टेदाराचे नाव असते. सट्टेदाराच्या वहीत, असलीच तर, घरच्या कर्त्या पुरुषाचे. बाईच्या बोटांखालून दिवसाला हजार विड्या गेल्या तरी ती कुठल्याच वहीत नसते.

आणि मग छाट. हा शब्द विडीच्या गावात लहान मुलालाही माहीत असतो. विड्या मोजून घेताना वाकड्या, सैल, तोंड नीट न मुडपलेल्या विड्या बाजूला काढायच्या, त्यांची मजुरी नाही. कोणती विडी खराब हे ठरवणारा घेणारा. पुष्कळदा छाटलेली विडी वळणारीला परतही मिळत नसे. पाने कमी पडली तर तिने पदरच्या पैशाने आणायची, कारण हजाराचा हिशेब हजारानेच. ज्या उद्योगात मापही एकाच्याच हाती आणि वहीही त्याच्याच हाती, तिथे मालक सज्जन आहे की नाही याला फारसा अर्थ उरत नाही. सज्जन मालकाला तर ही बाई कधी दिसतही नाही.

सरकारला दिसत नव्हते असे नाही. मध्य प्रांताने १९३७ साली अनियंत्रित कारखान्यांचा कायदा केला, त्यात विडी, लाख आणि कातडी कमावणे हे उद्योग घेतले. विडीला फाटक नसल्याने कायदा चुकवणे सोपे होते: कारखान्यातले काम थोडे थोडे करून घरांत ढकलायचे. १९४८ साली तर एक अजब कायदा झाला. शेतीच्या हंगामात ठरावीक गावांत विडी वळण्यालाच बंदी घालण्याचा अधिकार डेप्युटी कमिशनरला दिला गेला. रोवणीला मजूर मिळत नाही ही शेतमालकांची तक्रार आमच्याकडे आजही ऐकू येते, तेव्हा ती थेट कायद्याच्या पुस्तकात गेली होती! १९५० साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. म्हातारे, अपंग, शेतात राबू न शकणाऱ्या बाया यांचीही रोजी त्याने बंद होत होती, हे न्यायालयाने लक्षात घेतले.

त्यानंतरचे दोन निकाल मी पुन्हा पुन्हा वाचले आहेत. पहिला सागरच्या एका विडी कारखान्याचा, १९५८ च्या निकालसंग्रहात छापलेला. निरीक्षकाला कारखान्याच्या आवारात अशी माणसे आढळली, ज्यांची नावे कामगारांच्या नोंदवहीत नव्हती. खटला झाला. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, सट्टेदार हे स्वतंत्र ठेकेदार आहेत, ते आणि त्यांची माणसे फॅक्टरी कायद्याने ‘कामगार’ नव्हेत; तेव्हा वहीत नाव नसणे हा गुन्हा नाही. दुसरा निकाल १९६० सालचा, नागपूरच्या विडी कारखान्याचा. तिथली माणसे कारखान्यात बसून विड्या वळत, मजुरी नगावरच मिळे, येण्या-जाण्याची बरीच मोकळीक होती. त्यांनी १५ दिवसांच्या रजेचा पगार मागितला. न्यायालयाने पाहिले की हजेरी घेतली जाते, दुपारनंतर आलेल्याला काम मिळत नाही, काम घरी नेता येत नाही. म्हणून हे कामगार, आणि रजेचा पगार त्यांचा हक्क.

विडी तीच, बोटांची चपळाई तीच. एकाची हजेरी लागत होती, दुसऱ्याची लागत नव्हती.

१९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने ही भिंत पाडायचा प्रयत्न केला. घर हेही कामाचे ठिकाण धरले, घरी वळणारीलाही कामगार म्हटले. त्याखालच्या महाराष्ट्राच्या नियमांनी छाटीला शेकडा ५ ची मर्यादा घातली. मालकमंडळी न्यायालयात गेली. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. १९७६ साली कल्याण निधीचा कायदा आला, त्यातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरकुले. एम्प्रेस मिलच्या कामगाराला १८८६ साली मालकाकडून जे मिळू लागले, त्याच्या जवळपास काहीतरी विडी वळणारीला सरकारकडून मिळायला ९० वर्षे लागली.

अलीकडच्या आचारसंहितांत पुरवठा साखळीचा उल्लेख असतो, आमच्या ठेकेदारांनीही आमचे नियम पाळावेत असे लिहिलेले असते. शब्द नवे, प्रश्न सट्टेदाराचाच. कंपनी आपली माणसे कोणाला म्हणते, एवढे एक वाक्य मी कुठल्याही आचारसंहितेत आधी शोधतो. बाकीची पाने नंतर.

एम्प्रेस मिल १९८६ साली राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाल्याला त्या वर्षी बरोबर १०० वर्षे झाली होती. २००२ साली ती बंद पडली, आता त्या जागेवर मॉल उभा आहे. गोंदियातला विडीचा धंदाही पूर्वीसारखा राहिलेला नाही. १९६६ चा कायदा २०२० च्या कामगार संहितेत विलीन करण्याची तरतूद झाली आहे. ज्यांनी ऐन उमेदीत विड्या वळल्या त्या बाया आता साठी-सत्तरीच्या आहेत. कल्याण निधीच्या दवाखान्यात जायचे तर ओळखपत्र लागते, आणि ओळखपत्रासाठी मालकाचा किंवा ठेकेदाराचा दाखला मागितला जाई. त्यांना कट्ट्यावरचे लेबल आठवते, त्यावरचे चित्र आठवते. दाखला द्यायला सट्टेदार हयात असायला हवा, आणि त्याची वही वाळवीने खाल्लेली नसावी.