लाह्या, शेंगा आणि मध्यंतर

लक्ष्मीपूजनाच्या ताटात साळीच्या लाह्या आणि बत्तासे ठेवण्याची आपली रीत जुनी आहे. लाही म्हणजे धान्याचे फूलच. तिला तेलातुपाचा स्पर्श नाही, मिठाची कणी नाही. आयुर्वेदाने लाह्यांची पेज आजाऱ्याच्या पथ्यात घातली आहे. त्याच लाहीची चुलतबहीण, म्हणजे मक्याची लाही, आज चित्रपटगृहाच्या दारात काचेच्या पेटीत बसलेली असते, आणि मुलांना तिच्यापासून जपा, असे डॉक्टरमंडळी सांगतात. देवीला चालणारी आणि आजाऱ्याला मानवणारी वस्तू कुपथ्यात कशी जमा झाली, याचा इतिहास मोठा मौजेचा आहे. त्यात आमच्या खानदेशी शेंगेचाही एक अध्याय आहे, म्हणूनच मी तो सांगावयास बसलो आहे.

धरणगावचे नाव काढले की मराठी वाचकाला बालकवी आठवतात. १८९० साली ते या गावी जन्मले. परंतु त्याच्या दोन शतके आधीपासून धरणगाव ही नांदती पेठ होती. इंग्रज कंपनीने १६७४ साली येथे वखार घातली, ती कापडाच्या व्यापारासाठी. पुढे कापसाच्या जोडीला खानदेशच्या शेतांत भुईमूगही रुजला. भुईमूग आणि मका ही दोन्ही पिके मूळची अमेरिका खंडातली. युरोपीय गलबतांच्या वाटेने ती जगभर पसरली. पण शेंग आपल्याकडे अशी रुळली की उपासाच्या ताटातही तिला मानाची जागा मिळाली. ती परदेशची पाहुणी आहे, असे आज कोणाला सांगूनही खरे वाटणार नाही.

सिनेमाही असाच पाहुणा. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात हलती चित्रे प्रथम दिसली. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' कॉरोनेशन थिएटरात लागला. खेड्यापाड्यांकडे मात्र सिनेमा तंबूच्या रूपाने आला. महाराष्ट्रात या फिरत्या टॉकीज जत्रेमागून जत्रा करीत हिंडत. तंबूच्या आत पडदा, यंत्र आणि बसायला जमीन. खाण्याचा कारभार सारा बाहेर, जत्रेच्या हवाली.

आणि बाहेर काय मिळे? भडभुंज्याची भट्टी धगधगत असे. तापल्या वाळूत हरभऱ्याचे फुटाणे होत, शेंगा भाजून निघत, मुरमुरे फुलत. या कृतीत तेलाचा थेंब लागत नाही. आहारशास्त्राच्या तराजूत घालून पाहिले तर शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे पंचवीस ग्रॅम प्रथिने असतात, फुटाण्यांत वीसच्या आसपास. फुटाण्यांत चोथाही भरपूर असतो. शेंगदाण्यात तेल खूप, निम्म्याच्या जवळपास. पण सोललेली शेंग एकेक करून तोंडात जाते आणि पुडी तळहाताएवढी असते. पुडी संपली की खाणे संपले. या लहानशा मापातच निम्मे पथ्य सांभाळले जाई.

याचा अर्थ जुने ते सारे सोने, असे मात्र मी म्हणणार नाही. त्याच जत्रेत कालच्या तेलात आजची भजी तळली जात. मिठाईला पिवळाधमक रंग यावा म्हणून मेटॅनिल यलोसारखा, खाण्यास मनाई असलेला रंग वापरण्याची लबाडीही आपल्या देशात पुष्कळ झाली. भेसळीविरुद्धचा देशव्यापी कायदा १९५४ साली करावा लागला, तो काही उगाच नव्हे. पुडीचा वर्तमानपत्री कागदही निर्दोष नाही; छपाईची शाई अन्नात उतरते, म्हणून अशा कागदात खाद्यपदार्थ बांधू नयेत, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाला सांगावे लागले आहे.

याहून मोठा घात शेंगेच्या तेलाच्याच वाट्याला आला. १९३७ साली डालडा बाजारात आला. पिवळ्या डब्यावर हिरवे ताडाचे झाड. नाव वनस्पती, रूप तुपाचे. भारतात ही वनस्पती मुख्यतः शेंगतेलातूनच होई. तेलात हायड्रोजन वायू मुरवला की ते थिजते, टिकते, स्वस्तात तुपाची ऐट मिळते. मिठाईवाल्यांना आणि फरसाणवाल्यांना आणखी काय हवे होते! परंतु या थिजवण्यात ट्रान्स फॅट नावाचा मेद तयार होतो. १९९० साली मेन्सिंक आणि काटान या डच संशोधकांनी दाखवून दिले की हा मेद रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो आणि वर चांगलेही घटवतो. आपल्याकडे तेलातुपातील त्याची मर्यादा उतरत उतरत जानेवारी २०२२ मध्ये दोन टक्क्यांवर आली. शेतातून निघालेली शेंग निर्दोष होती. तिला तुपाचा वेष चढवण्याच्या नादात हे विष पदरी पडले.

आता लाहीची कथा. शिकागोच्या चार्ल्स क्रेटर्सने लाह्या फोडण्याचे यंत्र १८९३ च्या तिथल्या जागतिक प्रदर्शनात मांडले. प्रारंभी अमेरिकेतली ऐटबाज चित्रगृहे लाहीवाल्याला दारात उभा करीत नसत. गालिचे घाण होतात आणि कुरकुर आवाज होतो, ही तक्रार. १९३० नंतरच्या मंदीने हा तोरा उतरवला. तिकिटाच्या पैशात चित्रपटवाल्यांचा मोठा वाटा असतो. लाहीचा नफा मात्र सगळा चित्रगृहाचा. हे गणित मालकांना उमगले आणि बाहेरची गाडी आत आली. महायुद्धात साखरेची टंचाई झाली, गोळ्या-चॉकलेटे दुर्मिळ झाली आणि लाहीचे राज्य पक्के झाले.

माझ्या मते या इतिहासातला कळीचा क्षण हाच. बाहेरचा विक्रेता भूक विकत होता. आतल्या दुकानाला तहान आणि मोह विकावयाचा होता. लाहीला मीठ जास्त, म्हणजे सरबत जास्त. मोठे पिंप लहानापेक्षा थोडेच महाग, म्हणजे शहाणा गृहस्थ मोठेच घेणार! १९९४ साली अमेरिकेतील एका ग्राहकसंस्थेने चित्रगृहातल्या लाह्या तपासल्या. त्या खोबरेल तेलात फोडल्या जात. वरून लोण्याच्या चवीचे तेल घातलेल्या मध्यम डब्यात सदतीस ग्रॅम संपृक्त मेद निघाला. प्रौढ माणसाला दिवसभरात बावीस ग्रॅमच्या आत राहावे असे सांगतात. शेजारच्या सहाशे मिलिलिटरच्या गोड पेयात साठ ग्रॅमांहून अधिक साखर असते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत राहिल्यास उत्तम म्हणते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे भारतात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. अशा देशात हा आकडा गमतीचा नाही.

गंमत पाहा, सरकारलाही हा भेद पटला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला भरलेल्या जीएसटी परिषदेत खारी लाही ही नमकीन आणि साखरेच्या पाकातली लाही ही मिठाई, असा खुलासा झाला आणि देशभर हशा पिकला. मला मात्र त्यात शहाणपण दिसले. लाही तीच, पण वर काय चढवले त्यावर तिची जात ठरते.

अंधाराचाही यात हात आहे. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग सांगतो. चित्रगृहात काहींना ताज्या आणि काहींना आठवड्याच्या शिळ्या लाह्या दिल्या. ज्यांना सिनेमात लाह्या खाण्याची सवय होती, त्यांनी शिळ्याही ताज्यांइतक्याच फस्त केल्या! मात्र त्यांना डाव्या हाताने खावयास सांगितले तेव्हा हात अडखळला, जीभ जागी झाली आणि शिळेपणा कळला. डाव्या हाताने जेवू नये, हे आपल्या आजीने सांगितलेच आहे. सिनेमापुरता तो नियम मोडावयास हरकत नाही.

बाहेरचे खाणे आत न्यावे की नाही, हा वादही निकालात निघाला आहे. ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रोखण्याचा चित्रगृहमालकांचा अधिकार मान्य केला. पण पिण्याचे स्वच्छ पाणी फुकट दिले पाहिजे आणि तान्ह्या बाळाचे खाणे आईबापांना नेता आले पाहिजे, हेही नमूद केले. पाण्याचा हा हक्क फार थोडे लोक बजावतात.

दिवाळीत नवा चित्रपट लागतो आणि घरात चिवडा, चकली, शंकरपाळे यांचे डबे भरलेले असतात. घरून मूठभर फुटाणे-शेंगदाणे खाऊन निघावे, मध्यंतरात पाणी मागून प्यावे आणि मुलांनी हट्ट धरलाच तर सर्वांत लहान पुडा घेऊन चौघांत वाटावा. लक्ष्मीच्या ताटातली लाही दुसऱ्या दिवशी प्रसाद म्हणून चिमूटभरच हातावर पडते. प्रसादाला माप असते, म्हणूनच तो बाधत नाही.