रायसीनाचं फाटक

राष्ट्रपती भवनाचा विषय निघाला की ३४० खोल्या आणि भव्य घुमट यांचंच कौतुक होतं. मला मात्र या वास्तूची खरी वाटचाल तिच्या फाटकाशी दिसते: ते कोणासाठी आणि किती उघडत गेलं, यात.

१९११च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली. रायसीना टेकडीवर व्हाइसरॉयसाठी प्रासाद बांधायचं काम एडविन ल्युटेन्सकडे आलं, आणि ते १९२९पर्यंत चाललं. पहिले रहिवासी लॉर्ड आयर्विन. साम्राज्याचा दरारा बसावा म्हणून उभारलेली ही वास्तू ब्रिटिशांना जेमतेम अठरा वर्षं लाभली.

पुढे राजगोपालाचारी पहिले भारतीय गव्हर्नर जनरल झाले. देशात धान्याची टंचाई होती. त्यांनी आवारातल्या काही जमिनीवर गहू पेरला. या वास्तूच्या इतिहासातला हा प्रसंग मला सगळ्यांत मोठा वाटतो. २६ जानेवारी १९५० रोजी राजेंद्रप्रसादांनी इथल्याच दरबार हॉलमध्ये राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली.

मागची बाग पंधरा एकरांची. ल्युटेन्सने तिचा आराखडा १९१७मध्ये पक्का केला, झाडं लागली ती १९२८-२९मध्ये, विल्यम मस्टोच्या देखरेखीखाली. काश्मिरी बागांसारखे पाण्याचे पाट एकमेकांना काटकोनात छेदतात आणि छेदावर तांबड्या दगडाची कमळं एकावर एक रचलेली, त्यांतून कारंजी उडतात. हिरवळीच्या कडेला बकुळीची झाडं आहेत. आपल्याकडची बकुळ मोकळी वाढते. इथे तिला कातरून गोल छत्रीसारखा आकार दिलेला. पुढे भिंतींच्या आडोशाला गुलाबांचे लांब वाफे, त्यांत अर्जुन, भीम, मदर तेरेसा अशा नावांचे वाण. आणि शेवटी खोलगट गोल बाग, मधोमध पाणी आणि भोवती फुलांचे पायरीपायरीने चढत गेलेले पट्टे. एवढी काटेकोर रचना वर्षानुवर्षं राखणाऱ्या माळ्यांचं कसब इथे पावलोपावली जाणवतं.

प्रजासत्ताकात ही बाग दरवर्षी वसंतात लोकांसाठी खुली करण्याची प्रथा पडली. अब्दुल कलामांनी औषधी वनस्पतींची बाग करवली; प्रणव मुखर्जींच्या कारकिर्दीत संग्रहालय झालं. २०२३च्या जानेवारीत बागेचं नाव ‘अमृत उद्यान’ झालं, त्याची चर्चा खूप झाली. माझ्या लेखी त्याच वर्षी घडलेलं दुसरं काही अधिक मोलाचं आहे: बाग पूर्वीपेक्षा जास्त दिवस खुली राहिली, शेतकरी, दिव्यांग, महिला बचतगट यांच्यासाठी वेगळे दिवस राखले गेले, आणि हैदराबादचं राष्ट्रपती निलयम व शिमल्याजवळचं मशोब्रा इथलं निवासस्थानही सर्वसामान्यांना जवळजवळ वर्षभर पाहता येऊ लागलं.

दिल्लीला जायचंच असेल तर फेब्रुवारी-मार्च गाठा. प्रवेश विनामूल्य आहे, नोंदणी आधी करून ठेवावी, आणि सोमवार टाळावा. त्या दिवशी देखभालीसाठी बाग बंद असते.