नामशेष ठरलेली चिरंजीवा

'नामशेष' हा शब्द आपण वर्तमानपत्री सवयीने वापरतो, तेव्हा त्याची फोड सहसा मनात येत नाही: ज्याचे केवळ नाव शेष उरले आहे ते. सँटा बार्बरा बेटावरील एका वनस्पतीच्या बाबतीत मात्र या फोडीपाशी थांबावे लागते. तिच्या गोत्रातील रोपे मुळांसकट उपटली तरी पुष्कळ दिवस तग धरतात, म्हणून इंग्रजीत त्यांना 'लिव्हफॉरएव्हर' म्हणतात. आम्ही तिला येथे चिरंजीवा म्हणू.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून सुमारे ६० किलोमीटरवरचे हे बेट जेमतेम अडीच चौरस किलोमीटरचे. चिरंजीवा निसर्गतः जगात केवळ येथेच उगवते. आपल्या परिचयाच्या पानफुटीच्याच कुळातली ही वनस्पती. पाने जाड, पाणीदार, त्यांवर पांढुरकी मेणचट झाक, फुले पिवळी. हिवाळी पावसाचे पाणी पानांत साठवायचे आणि त्यावर कोरडा उन्हाळा काढायचा, ही तिची रीत.

ब्लँश ट्रॅस्क या शेजारच्या कॅटलिना बेटावर राहत. वनस्पतिशास्त्र त्या स्वतःच शिकल्या. १९०१ मध्ये त्यांनी हिचे नमुने गोळा केले आणि १९०३ मध्ये जोसेफ रोझ यांनी तिच्या शास्त्रीय नावात ट्रॅस्कबाईंचे नाव गोवले. नाव मिळाले खरे. पण पुढे बेटावर शेतीसाठी गवत जाळले गेले, मेंढ्या चरल्या. दुसऱ्या महायुद्धात तेथे नौदलाचे टेहळणी ठाणे होते. १९४२ मध्ये ससे आणून सोडले गेले. झाडपाला खाणाऱ्या एवढ्या जनावरांची त्या चिमुकल्या बेटाला सवयच नव्हती. त्यातून बेटावर गोडे पाणी दुर्मीळ. दुष्काळात चिरंजीवेला तारणारी पानांतली साठवण सशांनाही हवीच होती. १९५९ मध्ये वणवाही लागला. १९७० पर्यंत ही वनस्पती नामशेष झाली असे मानले गेले.

१९७५ मध्ये काही रोपे पुन्हा दिसली. या घटनेला 'पुनर्शोध' म्हणण्याची प्रथा आहे. आम्हांला तो शब्द थोडा अहंमन्य वाटतो. सशांचे दात जेथे पोहोचत नव्हते अशा दुर्गम कड्यांवर ती तग धरून होती, आणि माणसांची नजरही तेथवर क्वचितच जात होती. १९७८ मध्ये अमेरिकेच्या संघराज्याने तिला संकटग्रस्त म्हणून कायद्याचे संरक्षण दिले. ससे बेटावरून पुरते हटायला मात्र १९८१ उजाडले.

ससे गेले, तरी त्यांच्या आणि मेंढ्यांच्या काळात उजाड झालेल्या जमिनीवर एका परक्या रसाळ वनस्पतीने बस्तान बसवले आहे. आफ्रिकेकडून आलेले हे 'आइसप्लांट' जमिनीतले क्षार अंगात साठवते आणि मेल्यावर ते वरच्या थरात सोडते. त्या खारावलेल्या मातीत स्थानिक बी रुजणे कठीण होते. शिवाय सारी जात एकाच बेटावर असल्याने एखादा मोठा वणवा किंवा लागोपाठचे दुष्काळही पुरेसे ठरतील.

मुख्य भूमीवरील तिच्या भगिनींमागे मात्र बाजार लागला आहे. कुंडीतल्या शोभेसाठी समुद्रकड्यांवरून रोपे उपटून परदेशी पाठवली जाऊ लागली. २०१८ मधील एकाच प्रकरणात दक्षिण कोरियाला निघालेली ३,७१५ रोपे पकडली गेली. १ जानेवारी २०२२ पासून कॅलिफोर्नियात या चोरीविरुद्ध स्वतंत्र कायदा लागू आहे. त्यात दंडाची आकारणी रोपागणिक होते.