लाखेच्या कवचातील चित्रे: सावंतवाडीच्या गंजिफांची कथा

१/ भिंतीवरील चित्राला सहसा कोणी हात लावत नाही. पण जे चित्र रोज बोटांत धरले जाणार, घामाने ओलावणार, बैठकीवर टाकले जाणार, त्याचा रंग टिकवायचा कसा? भारतीय कारागिरांना या प्रश्नाचे उत्तर एका किड्याने निर्माण केलेल्या राळेत सापडले. ती राळ म्हणजे लाख.

२/ लाखेचे सूक्ष्म किडे पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर वस्ती करतात आणि स्वतःभोवती राळेचे कवच रचतात. ते खरवडून धुतले की तांबडा रंग वेगळा होतो व राळ मागे उरते. ही राळ ऊब लागताच मऊ होते, निवताच कठीण होते, आणि ओलाव्याला सहजी दाद देत नाही.

३/ सतराव्या शतकात लाखेचा मोठा व्यापार सुरतेत चाले. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने वर्णिलेला सुरत-बऱ्हाणपूर मार्ग आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर व नंदुरबार या गावांवरून जात असे. नवापूरच्या सुवासिक तांदळाची त्याने मनापासून स्तुती केली आहे. १६७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच प्रवासवर्णनात लाखेचीही नोंद आढळते. रंग काढून घेतलेली लाख सुरतेच्या स्त्रिया स्वच्छ करीत, तिला हवा तो रंग देत आणि पत्रांवर मोहोर उमटवण्यासाठी तिच्या कांड्या वळीत.

४/ पत्र मोहोरबंद करणारी हीच लाख चित्रांचेही रक्षण करी. महाराष्ट्रातील त्याचे सर्वांत देखणे उदाहरण दक्षिण कोकणातील सावंतवाडी येथे घडले. ते म्हणजे गंजिफा, अर्थात हाताने रंगवलेले गोल खेळपत्ते.

५/ गंजिफांचा भारतातील जुना उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात येतो. १५२७ मध्ये त्याने सिंधच्या शाह हसनकडे गंजिफांचा संच पाठवला होता. मोगली खेळात ९६ पाने असत. पुढे या खेळाने भारतीय रूप घेतले आणि दशावतारी गंजिफा तयार झाली. दहा अवतारांची प्रत्येकी बारा, म्हणजे एकूण १२० पाने. प्रत्येक अवताराचा एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा अंकांची पाने. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू.

६/ हा खेळ तिघांनी खेळायचा. प्रत्येकाच्या वाट्याला ४० पाने येत. दिवसा रामाच्या पानाने आरंभ होई, रात्री कृष्णाच्या. कोणते पान पडले आणि कोणते उरले, हे सारे ध्यानात ठेवावे लागे. सावंतवाडीत ही कला तिसऱ्या खेम सावंतांच्या काळात (१७५५-१८०३) तेलंगणातून आलेल्या विद्वानांमुळे रुजली, असे परंपरा सांगते. चितारी कुटुंबांनी ती आपलीशी केली.

७/ पान घडवण्याची जुनी रीत चिकाटीची होती. चिंचोक्याच्या खळीने कापडाचे थर एकमेकांवर चिकटवायचे, त्यावर पांढऱ्या मातीचा लेप द्यायचा आणि वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घोटायचे. मग गोल पाने कापून बारीक कुंचल्याने अवतार रेखाटायचे. अखेरीस लाखेचा थर चढे. त्याने रंग बंदिस्त होत, पानाला झिलई येई आणि ते हातातून सहज सरके.

८/ पाठीमागची बाजू मात्र सर्व पानांची एकसारखीच असावी लागे. एखाद्या पानावर वेगळा डाग राहिला, तर प्रतिस्पर्ध्याला ते ओळखता येणार! त्यामुळे पाठीवरचा लाखेचा सपाट, एकरंगी थर शोभेइतकाच खेळातील सचोटीसाठीही आवश्यक होता.

९/ पुढे छापील ५२ पत्त्यांचा युरोपीय जोड बाजारात आला. तो स्वस्त होता, शिकायलाही सोपा होता. १२० पाने हाताने रंगवून घेणारे गिऱ्हाईक ओसरले. लाखेच्या थराखाली जुनी पाने ताजी राहिली, पण ती घडवणारे हात कमी होत गेले. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर सावंतवाडीत ही विद्या प्रामुख्याने एका वृद्ध कारागिराजवळ शिल्लक राहिली होती. त्यांचे नाव पुंडलिक चितारी.

१०/ संस्थानचे वारस शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी हे संकट ओळखले. केवळ आश्रय देऊन ते थांबले नाहीत, तर या वृद्ध कारागिराकडून त्यांनी स्वतः ही कला शिकून घेतली. १९७० च्या दशकाच्या आरंभी राजवाड्यातच ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ची कार्यशाळा सुरू झाली आणि तेथे स्थानिक तरुण-तरुणींना शिक्षण मिळू लागले. २०१८ मध्ये निधन पावलेल्या सत्वशीलादेवी अखेरपर्यंत या कार्याशी निगडित होत्या.

११/ सावंतवाडीतील ज्या दरबार दालनात एकेकाळी सत्तेचा कारभार चाले, तेथे पुढे कारागीर कुंचले घेऊन बसू लागले. कापडाच्या थरांची जागा आता बहुधा कागदाने घेतली आहे आणि गिऱ्हाईकही खेळाडूपेक्षा अधिक संग्राहक आहे. तरीही मत्स्यापासून कल्कीपर्यंतचे दहाही अवतार आजही हातानेच रंगवले जातात. पुंडलिक चितारी यांच्याकडे शिकायला कोणी वेळेवर गेले नसते, तर आज संग्रहालयात चकचकीत जुनी पाने दिसली असती, पण ती कशी घडली हे सांगणारे सावंतवाडीत कोणी उरले नसते.