तडजोडयोग्य अपराध

ज्या अपराधांत पीडित व्यक्ती आणि आरोपी यांना आपसात समेट करून खटला संपवण्याची मुभा कायद्याने दिलेली आहे, ते तडजोडयोग्य अपराध होत. यासंबंधीची तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम ३२० मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये आहे. अशा तडजोडीने आरोपी कायद्याच्या दृष्टीने निर्दोष सुटतो. दोषसिद्धी होत नाही, शिक्षाही नाही.

या कलमात दोन तक्ते आहेत. साधी दुखापत, अटकाव करून ठेवणे, घरात बेकायदा शिरणे, साधी चोरी, शांतताभंगाच्या हेतूने केलेला अपमान हे अपराध न्यायालयाच्या परवानगीविना मिटवता येतात. जबर दुखापत, फसवून मालमत्ता मिळवणे, पहिले लग्न कायम असताना केलेले दुसरे लग्न यांना परवानगी लागते. तडजोडीचा हक्क ज्याला इजा वा नुकसान झाले त्याचा असतो. फिर्याद दुसऱ्याच कोणी दिली असली तरी समेट पीडितानेच करायचा. तो अठरा वर्षांखालील असल्यास पालक आणि मृत असल्यास वारस, न्यायालयाच्या परवानगीने तडजोड करू शकतात. महाराष्ट्रातील न्यायालयांत दोन्ही पक्षांच्या सहीची तडजोड पुरसीस (लेखी निवेदन) दाखल होते. समेट स्वखुशीचा आहे की दबावाखालचा, हे न्यायाधीशाने पीडिताला समोर बोलावून विचारले पाहिजे. गावकीचा किंवा घरच्यांचा रेटा कागदावर दिसत नाही, म्हणून ही विचारपूस उपचारापुरती राहता कामा नये.

तक्त्यांत नसलेला दंडसंहितेतील अपराध खालच्या न्यायालयात वा लोकअदालतीत मिटवता येत नाही. विवाहितेच्या छळाचा अपराध केंद्रीय कायद्यातील तक्त्यांत नाही. अशा प्रकरणी उच्च न्यायालयाकडे गुन्हा रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो. ज्ञान सिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०१२) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कौटुंबिक, व्यापारी व दिवाणी स्वरूपाच्या वादांत हा मार्ग मान्य केला. खून, बलात्कार, दरोडा यांसारखे समाजाविरुद्धचे अपराध मात्र समेट झाला तरी रद्द करू नयेत, असे बजावले.

तडजोड आणि गुन्ह्याची कबुली यांत लोकांची फार गल्लत होते, आणि तिची किंमत गरीब आरोपी मोजतो. किरकोळ खटल्यात ‘कबूल करा, दंड भरा, तारखा संपतील’ हा सल्ला सर्रास दिला जातो. दंड शंभर रुपयांचा असला तरी ती दोषसिद्धीच असते. २००६ साली लागू झालेल्या, कबुलीच्या बदल्यात शिक्षेच्या वाटाघाटीच्या पद्धतीतही आरोपी दोषीच ठरतो. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ खाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्याला तुरुंग टळतो आणि कलम १२ मुळे दोषसिद्धीसोबत येणारी अपात्रताही लागत नाही. दोषसिद्धी मात्र राहते.

निर्दोष सुटल्याने पोलीस दप्तरातील नोंद आपोआप पुसली जात नाही. अल्पवयीनांपुरती बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ मध्ये अभिलेख नष्ट करण्याची तरतूद आहे. प्रौढांसाठी तशी सर्वसाधारण तरतूद नाही. दिल्ली पोलीस भरतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली, तडजोडीने सुटलेल्या उमेदवाराला नाकारण्याचा छाननी समितीचा अधिकार उचलून धरला. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार (२०१६) या निकालाप्रमाणे नोकरीच्या अर्जात विचारलेली माहिती दडवणे हेच नेमणूक रद्द होण्याचे कारण ठरू शकते. म्हणून तडजोडीच्या आदेशाची प्रमाणित नक्कल जपून ठेवावी आणि चारित्र्य पडताळणीच्या अर्जात खटल्याबद्दल विचारले असेल, तर त्याचा क्रमांक व निकाल स्पष्ट लिहावा.